शके १७८०ची विहीर : ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका गावाचा इतिहास कसा लावला

गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला की दर्शनी भिंतीवर फलक बसतो आणि फलकाला गावाच्या स्थापनेचे साल लागते. या प्रकरणात साल आधीच ठरलेले होते : इ.स. १७८०. ते गावच्या जुन्या स्मरणिकेत छापलेले होते आणि तिथून लग्नपत्रिका, क्रिकेटचे टी-शर्ट आणि मंडळाच्या पावतीपुस्तकापर्यंत पोचले होते. दगडावर कोरण्याआधी एकदा खात्री करावी, असे गावकीच्या बैठकीत निघाले आणि काम गावातल्याच चार-पाच जाणत्यांकडे आले. त्यांच्यापुढे तीन दावे होते. गाव १७८० साली वसले. मूळ गाव खाडीच्या काठावर होते, ते वर सरकले. आणि गावची सगळी जमीन सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, एका दमात घेतली.

इथले गाव नमुन्याचे आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या आगरी-कोळी गावांच्या दप्तरांत आणि जमिनीवर जे सापडते ते एकत्र आणून ते उभे केले आहे. शेतांची नावे, क्षेत्रे आणि विहिरीवरचा लेख उदाहरणापुरता. कायदे, वर्षे, नमुने आणि मोजमापे खरी.

सुरुवात विहिरीपासून झाली, कारण १७८० हा आकडा तिथूनच आला होता. विहिरीच्या आतल्या अंगाला, पायऱ्यांच्या वर, एक लेख आहे. त्यावर तेलरंगाचे थर चढले होते. असा दगड वाचताना पहिला मोह होतो तो तारेच्या ब्रशचा आणि ॲसिडचा. दोन्ही वर्ज्य. बेसॉल्टवर कोरलेली रेघ मुळात उथळ असते आणि ॲसिडने तिची कड कायमची जाते. खडूने अक्षरे भरणेही टाळावे, कारण भरणारा आपल्याला जे दिसते तेच भरतो आणि पुढचा वाचणारा दगड न वाचता खडू वाचतो. सरळ उपाय असा : अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ समांतर धरायची आणि चारही बाजूंनी एकेक फोटो काढायचा. तिरक्या उजेडात खोदीव रेघेत सावली पडते आणि तेलरंगाखालचे अक्षरही उठून दिसते.

फोटोंत दिसले ते असे : ‘शके १७८० कालयुक्त नाम संवत्सरे’. म्हणजे आकडा बरोबर होता, पण सन चुकीचा होता. स्मरणिका लिहिणाऱ्याने शक सोडून दिला आणि उरलेल्या आकड्याला इ.स. लावले. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्ष पाडव्याला बदलत असल्याने जानेवारी ते मार्च या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १७८० म्हणजे १८५८-५९.

कोणी म्हणेल, ‘शके’ हा शब्द नंतर कोणी कोरला असेल तर? त्यासाठी संवत्सराचे नाव कामी येते. साठ संवत्सरांचे चक्र ठरलेले आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागावे, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, आणि बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. १७८० अधिक १२ म्हणजे १७९२, बाकी ५२, आणि बावन्नावा संवत्सर कालयुक्त. हेच जर इ.स. १७८० असते तर शक १७०२ झाला असता, बाकी ३४, संवत्सर शार्वरी. दगडावर कालयुक्त आहे, तेव्हा वाद मिटला. नावाशी आकडा जुळत नसेल तर आकड्यावर विसंबू नये. आकडा घासतो, पुसतो, नव्याने गिरवला जातो. संवत्सराचे नाव चुकून दुसरेच उमटणे अवघड.

इथे गावातल्या काहींचा हिरमोड झाला. ७८ वर्षे एका संध्याकाळी गेली. पण विहिरीचे साल म्हणजे गावाचे साल नव्हे. विहीर बांधण्याइतका पैसा गावाकडे किंवा गावातल्या एखाद्या घराकडे केव्हा आला, एवढेच ते साल सांगते. वस्ती त्याच्या आधीची असणारच, पण किती आधीची, हे विहीर सांगणार नाही. दुसरा पुरावा लागतो.

त्यासाठी आजपासून मागे जावे लागते, आणि इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. लोक थेट पेशवे दफ्तराचे नाव घेतात, मोडी वाचणारा शोधतात आणि सहा महिन्यांनी रिकाम्या हातांनी परततात. कारण साधे आहे : अठराव्या शतकातल्या कागदात कोणते गाव शोधायचे, कोणत्या परगण्यात, कोणत्या तर्फेत, शेजारची गावे कोणती, हे आधी ठरलेले नसते. ते ठरते एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या महसुली कागदांवरून, आणि त्या कागदांची किल्ली असते सर्व्हे नंबर.

नवी मुंबईत ही किल्लीच हरवलेली आहे. जमीन सेक्टरमध्ये गेली, प्लॉट नंबर आले, शेताचा बांध रस्त्याखाली गेला. म्हणून काम उलटे सुरू होते : भूसंपादनाच्या निवाड्यापासून. १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ४ची अधिसूचना, कलम ६ची घोषणा, कलम ९च्या नोटिसा आणि कलम ११चा निवाडा असा क्रम असे. निवाड्यात सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, आकार (सारा), कब्जेदार, कूळ, इतर हक्क, झाडे, विहिरी, बांधकामे आणि मोबदला हे सगळे एका जागी मिळते. संपादन करणाऱ्या विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला इथे अजूनही ‘मेट्रो सेंटर’ म्हणतात. निवाड्याची नक्कल मागायला जाताना हेच नाव सांगावे.

तिसऱ्या दाव्याचा निकाल निवाड्यातच लागला. गावची जमीन एका दमात गेली नव्हती. डोंगराच्या पायथ्याची वरकस, म्हणजे हलकी उताराची, जमीन आणि थोडी भातजमीन सिडकोच्या आधीच, १९६०च्या दशकात, औद्योगिक वसाहतीसाठी गेली होती. ते संपादन महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली झाले, म्हणून त्याचे कागद वेगळ्या गठ्ठ्यात असतात. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नव्या शहरासाठी त्या वेळच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली ९५ गावे घेण्यात आली. खालची खार, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेली जमीन, आणि मधली भातजमीन गेली ती या दुसऱ्या फेरीत. लोकांच्या आठवणीत दोन्ही संपादने एकत्र मिसळली आहेत, कारण दोन्हीकडे नोटीस बजावणारा माणूस सरकारीच होता. इतिहास लिहिताना ती वेगळी काढावी लागतात, नाहीतर साडेबारा टक्क्यांचा हिशेब कोणालाच उलगडत नाही. ती योजना मिळाली ती सिडकोसाठी गेलेल्या जमिनीवर. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, त्यानंतर वाटाघाटी चालत राहिल्या, आणि ६ मार्च १९९० व २८ ऑक्टोबर १९९४ च्या शासन निर्णयांनी साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आधी वसाहतीला गेलेल्या जमिनीची घरे या हिशेबाबाहेर राहिली, आणि त्यांची तक्रार वेगळी आहे.

क्षेत्रांची बेरीज करताना एक चूक इतकी सर्रास होते की ती सांगायलाच हवी. जुन्या कागदात ‘२-१७’ लिहिलेले असते. ते दोन एकर सतरा गुंठे. कोणीतरी ते संगणकात २.१७ असे भरतो. एकराचे गुंठे चाळीस, तेव्हा २ एकर १७ गुंठे म्हणजे ९७ गुंठे, २.१७ एकर मात्र ८६.८ गुंठे. एका ओळीत दहा गुंठे गेले. दोनशे ओळींच्या निवाड्यात किती जातील याचा अंदाज करता येईल. हेक्टरमध्ये जाताना एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर धरावा : ९७ गुंठे म्हणजे ९,८१३ चौरस मीटर, म्हणजे ० हेक्टर ९८.१ आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर). गुंठा आणि आर जवळपास सारखे असल्याने लोक ते एकच धरतात. एका शेताला ते चालते, गावाला चालत नाही. पैशांतही हाच घोटाळा : १९५७च्या आधीचा आकार रुपये-आणे-पैत असतो, रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. ३-८-० म्हणजे साडेतीन रुपये, तीन रुपये ऐंशी पैसे नव्हे.

सर्व्हे नंबर हाती आल्यावर भूमी अभिलेख कार्यालयात उपअधीक्षकांकडे अर्ज करायचा. फक्त ‘जुना नकाशा’ मागितला तर गावनकाशाची एक नक्कल मिळते आणि काम संपते. अर्जात नेमके लिहावे : गावनकाशा, आकारबंद (प्रत्येक नंबरचे क्षेत्र आणि सारा यांचा तक्ता), प्रतिबुक, गुणाकार बुक, गावठाणालगतच्या नंबरांची टिपणे, फाळणी आणि आकारफोड. टिपण हे प्रत्यक्ष मोजणीच्या वेळचे कच्चे रेखाटन. मोजणी साखळीने होई. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा, आणि एक साखळी लांब-रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. टिपणावर कधी कधी झाड, वाट, देऊळ, नाला दाखवलेला असतो, जो पुढे गावनकाशावर येत नाही. नव्या रस्त्यात सापडलेल्या देवळाची मूळ जागा अशा टिपणावरून लागते.

तालुक्याच्या अभिलेख कक्षातून फेरफार नोंदवह्या आणि जुने सातबारे मिळतात. त्यांतले बरेच आता स्कॅन होऊन ऑनलाइनही दिसतात. फेरफार क्रमाने वाचावे, आपल्या घरापुरते नव्हे. गावातली पहिली शंभर नोंदींची वही सलग वाचली की वारस, खरेदी, गहाण, सावकाराचा बोजा असा गावाचा पन्नास वर्षांचा आर्थिक प्रवास कळतो. या गावात वळणाचा काळ १९५७ चा निघाला. १९४८च्या कूळ कायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. पुढे त्याच कायद्याच्या कलम ३२-ग खाली किंमत ठरली आणि ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. या नोंदी ज्यांच्या नावे आहेत, त्यांचीच नावे पुढे निवाड्यात कब्जेदार म्हणून येतात आणि त्यांनाच पुढे भूखंड मिळाले. कूळ म्हणून नाव लागले नाही तो १९५७ मध्ये जमिनीला मुकला, १९७० नंतर मोबदल्याला आणि १९९० नंतर भूखंडाला. गावातल्या आजच्या श्रीमंत-गरीब घरांची रेघ बरीचशी त्या एका नोंदीवरून ओढलेली आहे. हे फलकावर येणार नाही, पण गावचा इतिहास हाच आहे.

आता दुसरा दावा : मूळ गाव खाडीकाठी होते.

हा दावा ऐकायला पटतो. कोळ्यांची घरे खाडीला लागून, होड्या दारात, असे चित्र डोळ्यापुढे येते. दाखवली जाणारी जागा मात्र जुन्या आकारबंदात खार म्हणून नोंदलेल्या नंबरांत येत होती. खार म्हणजे भरतीच्या पाण्याखालची जमीन बांध घालून मिळवलेली. बांध नसेल तर महिन्यातून दोनदा उधाणाचे पाणी तिथून फिरणार. तिथे मासे सुकवण्याची ओटी असू शकते, मीठागराची झोपडी असू शकते, होड्यांचे बंदर असू शकते. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाचा एक इंचाला एक मैलाचा जुना नकाशा लावला तेव्हा हे आणखी स्पष्ट झाले. नवी मुंबईकरांना इथे एक अडचण येते : ७३ अंशाचे रेखांश वाशी-कोपरखैरणेच्या आसपासून जाते, त्यामुळे खाडीकडची बाजू ४७ए/१६ या पत्रकात आणि डोंगराकडची ४७ई/४ मध्ये. एकच पत्रक मागवले तर अर्धे गाव मिळते.

वस्तीच्या जागेच्या खुणा वेगळ्या असतात. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती राखाडी, सैल, खापरांनी भरलेली. जवळ गोड्या पाण्याची विहीर. चिंच, वड, पिंपळ यांसारखी मुद्दाम राखलेली झाडे. आणि शेताच्या नावात ‘जुनघर’, ‘घरठाण’, ‘देऊळमाळ’ असे काही. या गावात ‘जुनघर’ नावाचे शेत सापडले, पण खाडीकडे नाही, डोंगराच्या पायथ्याशी, १९६०च्या दशकातल्या संपादनात गेलेल्या पट्ट्यात. तिथे आज कारखान्याची भिंत आहे, आणि जमीन तोडून-भरून सपाट केलेली. खापरे शोधण्यात अर्थ नव्हता. सेक्टरच्या भागात तर भरावाचा मुरूम बाहेरून आलेला असतो. त्यात सापडलेले खापर कोणत्या गावचे हे सांगणार कोण? तेव्हा निष्कर्ष एवढाच काढता आला : वस्ती कधीतरी सरकली असावी, पण ती डोंगराकडून खाली, खाडीकडून वर नव्हे. खार बांधली गेली, भाताचे पीक आणि मीठ दोन्ही खाली आले, तशी घरे त्यांच्या जवळ आली. अंदाज हे नाव लावूनच ते लिहिले गेले.

खारीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या गावाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सलग इतिहास विहिरीत किंवा देवळात नाही, बांधात आहे. गावकऱ्यांना मात्र तो इतिहास वाटतच नव्हता. ‘बांध काय, तो होताच,’ असे उत्तर मिळे.

खाडीकडचा मोठा बांध तो बाहेरकाठ. तो खाडीच्या चिकट चिखलाचा, पाण्याकडून दगडाने जडवलेला. आतल्या पावसाच्या पाण्याला वाट हवी म्हणून ठराविक अंतरावर उघाडी. उघाडीची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. ती मिटताना मध्ये फांदी अडकली की खारे पाणी आत. बांध फुटतो तो बहुधा लाटेने नव्हे. चिंबोऱ्या आणि उंदीर बिळे करतात, बिळातून आधी पाण्याची धार झिरपते, धार रुंदावते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याच वेळी जोराचा पाऊस गाठला तर खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडते. आतले पाणी बाहेर जाऊ शकत नाही, बाहेरचे आत ढकलते, आणि बांध दोन्हीकडून भिजलेला असतो. खांड पडली की घरटी एक माणूस पाटी-फावडे घेऊन निघे, ओहोटीच्या चार-पाच तासांत तिवरीचे (खारफुटीच्या झाडाचे) खुंट ठोकून, पेंढा आणि चिखल भरून ती बुजवायची. नाही जमले तर पुढच्या भरतीला ती दुप्पट. खारे पाणी बसलेल्या शेतात दोन-तीन पावसाळे मीठ धुपेपर्यंत पीक धड येत नाही. म्हणून खारीत काळा रत्ता, भुरा रत्ता असे मिठाला दाद न देणारे भात लावत, तेही मोड आणलेले बी चिखलात फेकून, रहू पद्धतीने, कारण चिकट खारीत नांगर चालत नाही.

बांध एवढे कष्ट मागतो म्हणूनच त्याचे कागद तयार होतात. खार बांधणाऱ्याला कौल, म्हणजे सवलतीचा सरकारी करार, मिळे. पहिली काही वर्षे सारा माफ किंवा कमी, मग दरवर्षी वाढता. त्याला इस्तावा म्हणत. ठाणे जिल्ह्यात शिलोत्री ही खास खारीची धारणपद्धती होती : ज्याने स्वखर्चाने बांध घालून जमीन मिळवली त्याचा तिच्यावर कायमचा हक्क, आणि बांध राखण्याबद्दल कसणाऱ्याकडून त्याला ठराविक धान्य. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, तेराव्या खंडात, हिचे वर्णन आहे. त्या खंडात पनवेल तालुकाही येतो, कारण तो तेव्हा ठाण्यात होता. बेलापूरच्या पलीकडच्या गावांनी कुलाब्याच्या खंडात आपले नाव शोधून हताश होऊ नये. पुढे १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. प्रत्येक वेळी बांध कोणी राखायचा याच्या याद्या झाल्या. मोडी वाचणारा शोधायचाच असेल तर तो या कौलांसाठी शोधावा.

मोडी कागद हाती आला की पहिली अडचण पुन्हा सनाची. मराठी अमलातल्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तोही अरबी शब्दांत : ‘सबा सलासीन मया व अलफ’ म्हणजे सात, तीस, शंभर आणि हजार, ११३७. त्यात ५९९ मिळवले की १७३६, आणि सुहूर वर्ष मे-जूनच्या सुमारास बदलत असल्याने जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ६००. साष्टी घेण्याची मराठ्यांची मोहीम १७३७ च्या मार्चमधली, म्हणजे याच सुहूर सनातली. इंग्रजी अमलातल्या महसुली कागदांवर फसली सन येतो; त्यात ५९०, जानेवारीनंतर ५९१. शक, सुहूर, फसली आणि इसवी हे चारही आकडे ‘सन’ या एकाच शब्दामागे लपलेले असतात. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात आणि नावे तोडून लिहिलेली असतात, त्यामुळे दोन शेजारची गावे सहज एकमेकांच्या जागी वाचली जातात. उपाय एकच : गावाचे नाव एकटे वाचू नये, यादीतली आधीची आणि नंतरची गावे मिळून वाचावे. खाडीकाठच्या गावांचा क्रम कारकून सहसा बदलत नसे.

या गावाबाबत हाती आलेला आणि विश्वास ठेवण्याजोगा सर्वात जुना कागद गावाचे नाव असलेली खारीची यादी निघाली. घरे किती, माणसे किती, देऊळ कोणते, याचा त्यात उल्लेख नाही. असणारही नाही, ती यादी भात किती यायचे हे कळण्यासाठी केलेली होती. प्रत्येक कागद कोणाला तरी काही घ्यायचे होते म्हणून तयार झाला, हे धरूनच तो वाचावा. ज्याच्याकडून घेण्यासारखे काही नव्हते तो त्यात नाही. खाडीत मासे मारणारे, मीठागरात मजुरीला जाणारे, डोंगरातले कातकरी आणि ठाकूर, आणि बायका, यांना सातबाऱ्यात शोधले तर गाव अर्धेच दिसते.

त्यांच्यासाठी दोन जागा उपयोगी पडल्या. एक, गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. जमीन असो-नसो, मेलेल्याची नोंद होई. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय, कारण. १९१८च्या शेवटच्या महिन्यांची पाने पाहिली की इन्फ्लुएंझाची ती साथ, जिला मराठीत मानमोडी म्हणत, गावात कशी फिरली ते घराघराने कळते. मृत्यूचे कारण बहुतेक ठिकाणी नुसते ‘ताप’ असते, त्याला मानमोडी समजायचे की हिवताप, हे महिन्यावरून ठरवावे. या वहीतल्या जातींच्या नोंदी हल्ली दाखल्यांसाठी शोधल्या जातात, म्हणून तिची पाने फाटण्याचा आणि गायब होण्याचा वेगही वाढला आहे. जिवंत घराण्यांच्या नावांनिशी ती पाने स्मरणिकेत छापू नयेत, असे मंडळाने ठरवले. बरोबर ठरवले.

दुसरी जागा माणसांची आठवण. ‘किती वर्षांपूर्वी?’ हा प्रश्न विचारून काही मिळत नाही. ऐंशीच्या पुढची आजी ‘लय वर्सा झाली’ म्हणते आणि ते खरेच असते. त्याऐवजी ठरलेल्या घटनांच्या खुंट्या द्याव्यात. मुंबईच्या गोदीचा स्फोट झाला तेव्हा, म्हणजे १४ एप्रिल १९४४, घरातल्या थोरल्या भावंडांपैकी कोण होते? ठाण्याला जायला होडी की बैलगाडी? पहिला कारखाना उभा राहिला तेव्हा तुमचे लग्न झाले होते का? अशा दोन खुंट्यांच्या मध्ये आठवण अडकवली की पाच-सात वर्षांच्या आत तिचा काळ लागतो. आजोबांनी स्वतः पाहिलेले आणि आजोबांनी ऐकलेले हे वेगळ्या रकान्यांत लिहावे. आगरी लग्नात धवले (लग्नविधींची गाणी) गाणाऱ्या धवलारणींकडून गावदेव-देवींचा आणि सोयऱ्या गावांचा क्रम मिळाला. त्यात साल नाही आणि ते शोधूही नये. पण कोणत्या गावाशी सोयरीक जुनी, कोणाशी खाडी ओलांडून, हे सातबारा कधीच सांगणार नाही.

लोकसंख्येचे फार करण्यासारखे नव्हते. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावनिहाय आकडे मिळतात आणि शहरीकरणाबरोबर गाव त्या रकान्यातून नाहीसे होते. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका आहे. तिचे प्रभाग गावाच्या शिवेवर आखलेले नाहीत.

संपादनानंतर बांध राखणारे कोणी उरले नाही. ज्याची जमीन नाही तो फावडे घेऊन का जाईल? खांडी पडल्या, बुजवल्या गेल्या नाहीत, भरती आत आली आणि भातखाचरांत तिवर वाढले. उपग्रहाच्या जुन्या-नव्या चित्रांत चौकोनी खाचरांच्या रेघा तिवरांखाली अजून ओळखू येतात. नवी मुंबईच्या पावसाच्या पाण्यासाठी जे धारण तलाव केले आहेत, त्यांचे तंत्र डच म्हणून सांगितले जाते. भरतीला झडप मिटते, पाणी तलावात साठते, ओहोटीला झडप उघडते. बाहेरकाठावर उभे राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्यात नवे काही दिसत नाही.

फलकाचा मजकूर ठरायला या सगळ्या शोधापेक्षा जास्त वाद झाला. काहींना साल हवेच होते. शेवटी ‘स्थापना’ हा शब्द काढला. कोरले गेले ते असे : विहीर शके १७८०, इ.स. १८५८-५९, खारीच्या यादीत गावाचे नाव कोणत्या सनात आहे ते, मूळ सन आणि इसवी दोन्ही, जमीन संपादन दोन टप्प्यांत, आणि बाहेरकाठ राखणाऱ्या पिढ्यांचा उल्लेख, नावे न घेता. शेवटच्या ओळीला विरोध झाला तो जागेअभावी, पण देणगीदारांची यादी एका रकान्याऐवजी दोन रकान्यांत बसवल्यावर जागा निघाली.

कागदांच्या नकला तीन ठिकाणी ठेवल्या : मंडळाच्या कपाटात, गावातल्या शाळेत आणि स्कॅन करून दोन वेगळ्या घरांतल्या हार्ड डिस्कवर. प्रत्येक स्कॅनच्या नावात कार्यालय, नमुना, मूळ सन आणि पान क्रमांक लिहिला, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर नक्कल पाहून थांबायची गरज नाही, मूळ पानच पुन्हा मागवता येईल. विहिरीवरच्या लेखावर पुन्हा तेलरंग न देण्याचा ठराव गावकीने केला आहे, आणि रंग लावणाऱ्या ठेकेदाराला तो लेखी दिला आहे.